गव्हाणीतली खूण

ख्रिस्ती पंचांगात नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. २५ डिसेंबरच्या आधीचे चार आठवडे तयारीचे असतात आणि सणाचा हर्ष पुढे ६ जानेवारीपर्यंत चालतो. या सगळ्या काळाचा गाभा एकच. देव माणसांच्या वस्तीला आला, तो आजही तिथेच आहे, आणि माणसाने त्याला ओळखायचे आहे. ओळखणे हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण नाताळच्या मूळ कथेत देव कोणाच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहत नाही. बेथलेहेमात त्या रात्री शेकडो माणसे असतील. धर्मशाळा भरून गेली होती. तरी जन्म कळला तो गावाबाहेरच्या मूठभर मेंढपाळांना. बाकीचे झोपेत होते किंवा आपापल्या घाईत होते. म्हणून ख्रिस्ती परंपरेने या काळाला लक्ष देण्याचा काळ मानले. उपवास, दिवे, गोठ्याचा देखावा, रात्रीची प्रार्थना हे सारे सणाची सजावट म्हणून आलेले नाही. नजर हळूहळू तयार व्हावी म्हणून त्यांची योजना आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा आणि त्याच्या आसपासचा मुलूख या विषयाच्या फार जवळचा आहे. पोंभुर्णा हे तालुक्याचे छोटे गाव. एकीकडे मूल, दुसरीकडे गोंडपिपरी, मधून वैनगंगेकडे जाणारी अंधारी नदी, आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा. धानाचा आणि जंगलाचा हा प्रदेश आहे. डिसेंबरात बांध्यांतला धान कापून झालेला असतो, शेतात पुंजणे रचलेले असतात, कुठे मळणीयंत्र चालू असते. धान उभा असतानाच ओलीत फेकलेली लाखोळी आता हिरवी दिसू लागते. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या या जिल्ह्यात डिसेंबरच्या रात्री अंगात हुडहुडी भरते आणि दारोदार शेकोट्या पेटतात. शांतता मात्र गृहीत धरता येत नाही. हाच झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांचा हंगाम असतो आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज दूरवरच्या गावापर्यंत रात्रभर ऐकू येतो. देवाच्या सान्निध्याच्या शांत खुणा शोधायच्या त्या अशा आवाजांमध्येच. बेथलेहेमही जनगणनेच्या गर्दीने गजबजलेलेच होते.

या भागातला ख्रिस्ती समाज लहान आहे आणि त्याचे प्रवाह वेगवेगळे आहेत. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, काम सुरू केले. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेम्या गोरे, हेही त्या काळात काही दिवस चांद्यात होते. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिणारा हा विद्वान अत्यंत साधेपणाने राहिला. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता. दुसरा प्रवाह कॅथलिकांचा. केरळच्या सिरो-मलबार परंपरेतील कार्मेलाइट धर्मगुरूंकडे १९६२ मध्ये चांदा मिशन सोपवले गेले. १९७७ मध्ये त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि १९९९ मध्ये त्यातून आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत निघाला. चांदा धर्मप्रांताचे मुख्यालय बल्लारपुरात आहे. पोंभुर्णा, चंद्रपूर, गडचिरोली हा सारा टापू त्याच्याच कक्षेत येतो. केरळहून आलेल्या या परंपरेत नाताळपूर्व काळाची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे आणि ती नीट समजून घ्यावी अशी आहे.

या काळाला मंगलवार्ता काळ म्हणतात. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी तो सुरू होतो. चार रविवारी शुभवर्तमानातले चार प्रसंग वाचले जातात: जखऱ्याला मिळालेला संदेश, मरियेला मिळालेला संदेश, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म आणि योसेफाला मिळालेला संदेश. शुभवर्तमानात एकामागून एक वाचताना ध्यानात येत नाही, पण आठवडाभराच्या अंतराने ऐकले की या चारही प्रसंगांतली एक गोष्ट ठसठशीत होते. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी गप्प आहे.

जखऱ्या हा यरुशलेमच्या मंदिरातला याजक, वयाने थकलेला. धूप जाळण्याची पाळी आलेली असताना त्याला पुत्रप्राप्तीचा संदेश मिळतो. त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. मूल, म्हणजे योहान, जन्मून त्याच्या नावाचा प्रश्न येईपर्यंत तो मुका राहतो. ही शिक्षा होती असे सहसा सांगितले जाते. पण त्या महिन्यांत जखऱ्या काय करत असेल? ज्याचे सारे आयुष्य मंत्र म्हणण्यात गेले, त्याला आता फक्त ऐकता येते आणि पाहता येते. घरात म्हातारी बायको गरोदर आहे, दिवस भरत आहेत, आणि बोलून दाखवता न येणारे सगळे त्याला पाहत राहावे लागते. पहिल्या रविवारी हा प्रसंग ठेवणाऱ्यांनी काळाची सुरुवातच मौनाने केली आहे.

मरियेचा संदेश घरच्या एकांतात येतो, साक्षीदार कोणी नाही. पुढे मेंढपाळ येऊन आपण काय पाहिले ते सांगतात तेव्हा सगळे आश्चर्य करतात, पण मरियेबद्दल शुभवर्तमानकार लूक वेगळे काही नोंदवतो: तिने या गोष्टी अंतःकरणात साठवून त्यांचे मनन केले. बारा वर्षांनंतरच्या प्रसंगातही तो तिच्याविषयी तेच सांगतो. खूण मिळाली की लगेच तिचा अर्थ लावून मोकळे होण्याची घाई तिने केली नाही. योसेफाची कथा तर याहून विलक्षण. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्याला मिळणारा प्रत्येक संकेत स्वप्नात येतो, आणि प्रत्येक वेळी तो उठून सांगितलेले काम करतो: मरियेला घरी आणतो, रातोरात बाळाला घेऊन इजिप्तला निघतो, वेळ आल्यावर परत फिरतो. योसेफाच्या बाबतीत खूण ओळखली याचा एकमेव पुरावा म्हणजे त्याने केलेली कृती.

या आठवड्यांना जोडूनच पंचवीस दिवसांचा उपवास येतो. १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत अनेक सिरो-मलबार घरांत मांस-मासे वर्ज्य असतात. शेजारच्या हिंदू घरांत याच सुमारास मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात, घट मांडले जातात, लक्ष्मीची कहाणी वाचली जाते. दोन्ही व्रतांचा आशय वेगळा आहे आणि तो एक करण्याचे कारण नाही. पण रोजच्या ताटातली एक सवयीची चव बाजूला ठेवली की दिवसाकडे लक्ष जाते, हा अनुभव मात्र दोन्ही घरांच्या ओळखीचा आहे.

आता मुख्य खुणेकडे. देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती अशी: बाळंत्यात गुंडाळलेले, गव्हाणीत निजवलेले एक बालक. याहून साधी खूण सांगता येणार नाही. नवजात बाळाला फडक्यात गुंडाळणे घरोघरी होतेच. वेगळी आहे ती फक्त जागा, आणि तीही खालच्या दिशेने वेगळी. शहरातल्या वाचकाला गव्हाण हा आता नाताळच्या देखाव्यातला शब्द वाटतो. पोंभुर्णा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी ती रोज वापरातली वस्तू आहे. ढोरांच्या कोठ्यात भिंतीलगत मातीची किंवा लाकडाची गव्हाण असते, बैलांच्या जिभेने आणि मानेने तिची कड गुळगुळीत झालेली असते, तळाशी चाऱ्याचा चुरा साचलेला असतो. त्यात पडते ते धानाचे तणस. तणस अंगाला खरखरते, हाताला कापते, पण थंडीत ऊब धरून ठेवते. हिवाळ्यात गाय व्याली की वासराखाली पहिल्यांदा तेच अंथरतात. गोठ्याचा देखावा करणाऱ्याने एकदा त्या तणसावर तळहात ठेवून पाहावा. बाळाची आई तिथे काय निजवत होती आणि किती नाइलाजाने, हे चित्रातल्या सोनेरी गवतावरून कळत नाही.

असिसीच्या फ्रान्सिसला हेच दाखवायचे होते. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी त्याने खरी गव्हाण, खरे गवत, बैल आणि गाढव आणवले आणि त्यांच्या साक्षीने मध्यरात्रीची उपासना झाली. आज जगभर मांडला जाणारा गोठा तिथून लोकप्रिय झाला. फ्रान्सिसचा हेतू सजावटीचा नव्हता. बाळाला किती गैरसोय सोसावी लागली ते लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती. मराठीत हा जन्म सविस्तर सांगितला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवी हे जात्यावरचे, घरकामातले वृत्त. देवाच्या जन्माची कथा त्याच चालीत सांगण्यामागे भाषेचे प्रेम तर होतेच, शिवाय ही कथा घरात आणि कामात ऐकली जावी हेही होते.

मेंढपाळांना ही खूण दिसली याचे कारण शुभवर्तमानात सरळ दिले आहे. ते रात्री रानात राहून कळप राखत होते. झाडीपट्टीत याला जागल म्हणतात. पीक उभे असेतो आणि पुंजणे शेतात असेतो रानडुकरांपासून राखण करायला शेतकरी रात्री मचाणावर किंवा शेकोटीशी बसून असतो. जागलीला बसलेला माणूस झोपलेल्या गावापेक्षा जास्त ऐकतो. वारा कुठून आहे, पाचोळ्यावर पाऊल कोणाचे वाजले, कुत्रे उगाच भुंकले की कशाला भुंकले, हे त्याला कळते. त्यात भक्तीचा आव नसतो, पोटाची काळजी असते. मेंढपाळांचेही तसेच असणार. ते प्रार्थनेला बसले होते असे लूक म्हणत नाही. ते कामावर होते आणि जागे होते, आणि तेवढे पुरले.

चंद्रपूरच्या जंगलात जागे राहण्याला आणखी एक अर्थ आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये आकाराला आला आणि वाघांची संख्या वाढली, तशी माणसे आणि वाघ यांची गाठही वाढली. जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे जातात. आगमनकाळात, म्हणजे नाताळपूर्वीच्या या आठवड्यांत, यशया संदेष्ट्याचा अकरावा अध्याय वाचला जातो, ज्यात लांडगा आणि कोकरू, बिबट्या आणि करडू एकत्र राहतील असे भविष्य सांगितले आहे. इतरत्र हे सुंदर रूपक म्हणून ऐकले जाते. ज्या गावात सरपणाला गेलेली बाई परत आली नाही, तिथे ते रूपक राहत नाही, मागणे होते. या जंगलात वाघ क्वचितच दिसतो. जाणता माणूस तो ओळखतो धुळीतल्या पाऊलखुणेवरून, चितळाच्या हाकेवरून, वानरांच्या खेकसण्यावरून. देवाच्या सान्निध्याबद्दल ख्रिस्ती साधक जे सांगतात ते पुष्कळसे असेच आहे. प्रत्यक्ष दर्शन नाही, पण तो येथून गेला एवढे सांगणारे काही मागे राहते. एलिया संदेष्ट्याच्या कथेत होरेब डोंगरावर प्रचंड वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर त्या कशातच नसतो. त्यानंतर आलेल्या मंद, शांत स्वरात एलिया त्याला ओळखतो आणि झग्याने तोंड झाकून घेतो.

खूण ओळखण्याची सवय कशी लावायची, यावर ख्रिस्ती परंपरेत बराच विचार झाला आहे. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी रोजचे आत्मपरीक्षण सांगितले. त्याची रीत अवघड नाही. दिवस संपताना आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे, नीट दिसावे म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. कुठे मन मोकळे झाले, कुठे आवळले, कुठे कोणी न मागता मदत केली, कुठे आपण तोंड फिरवले. चुकले असेल तिथे क्षमा मागायची आणि उद्याचे ठरवायचे. पंधरा मिनिटे पुरतात. ही रीत आगमनकाळाला विशेष शोभते, कारण बहुतेक खुणा घडतानाच्या क्षणी कळत नाहीत, मागे वळून पाहिल्यावर कळतात.

दुसरी वाट कार्मेलाइटांची, आणि चांद्याला आलेले धर्मगुरू त्याच घराण्यातले. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा कार्मेलाइट बंधू होता. तो धर्मगुरू नव्हता. मठाच्या स्वयंपाकघरात भांडी आणि चूल सांभाळत होता. तरुणपणी, सैनिक असताना, हिवाळ्यात पाने झडलेले एक झाड पाहून त्याच्या मनात आले की काही काळाने हेच झाड पुन्हा पालवेल. देवाच्या सामर्थ्याची आणि काळजीची जाणीव त्याला तेव्हा जी झाली ती आयुष्यभर टिकली. चुलीशी असताना आणि वेदीपुढे गुडघे टेकलेले असताना आपल्याला देव सारखाच जवळ असतो, असे तो सांगत असे. पोंभुर्ण्याच्या आसपास असे झाड शोधावे लागत नाही. हिवाळा सरत येतो तसे सागाचे पान गळते, मोहाची झाडे उघडी पडतात, आणि ज्या फांदीवर पानही नाही तिथूनच पुढे मोहाची फुले टपकतात. जंगलातला माणूस हे दरवर्षी पाहतो. प्रश्न असतो तो थांबून पाहण्याचा.

विदर्भाच्याच रुळांवर घडलेली एक गोष्ट मराठी वाचकांना लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मुळे माहीत आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटला, बोलणे निघाले, आणि त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत वाचायला दिली. पुढे त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फाटले, लक्ष्मीबाईंची कित्येक वर्षे दुःखात गेली, आणि शेवटी त्याही स्वतःच्या वाटेने त्या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आज उपासनेत जी भजने म्हणतात त्यांतली कितीतरी टिळकांची. आणि या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या त्या सहप्रवाशाचे नाव बहुतेकांना माहीत नाही. शांत खूण म्हणजे काय, याचे याहून चांगले मराठी उदाहरण सापडणे कठीण.

तरीही प्रत्येक योगायोगाला देवाची खूण म्हणणे धोक्याचे आहे. बस वेळेवर मिळाली, लॉटरी लागली, आपल्या मनासारखे झाले, की देव भेटला असे म्हणणारी श्रद्धा स्वतःभोवतीच फिरत राहते. शिवाय जिच्या मनासारखे झाले नाही, जिचा माणूस जंगलातून परत आला नाही, तिला अशी श्रद्धा काय सांगणार? नाताळच्या कथेतच याचे उत्तर आहे आणि ते सोपे नाही. बाळाच्या जन्मापाठोपाठ हेरोद राजाने केलेली बालकांची कत्तल येते. चर्च तिचे स्मरण नाताळच्याच आठवड्यात करते आणि ती कथेतून वगळत नाही. येशूच्या इम्मानुएल या नावाचा अर्थ संकट टळेल असा नाही, संकटात तो सोबत असेल असा आहे. म्हणून खुणेची कसोटी परंपरेने बाहेर ठेवली: ही खूण पाहणारा कोणाकडे वळला? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेल्यांविषयी, परक्यांविषयी, आजाऱ्यांविषयी आणि बंदिवानांविषयी विचारले जाते, आणि ज्यांनी त्यांची सेवा केली त्यांना आपण राजाचीच सेवा करत होतो याची कल्पनाही नव्हती.

या जिल्ह्यात त्या कसोटीला उतरलेले सर्वांत ठळक नाव ख्रिस्ती माणसाचे नाही. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. वरोऱ्यात त्यांना पावसात गटारात पडलेला, बोटे झडलेला एक कुष्ठरोगी दिसला आणि ते घाबरून पळाले. आपण भ्यालो याची टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याची सेवा केली, आणि त्यातून १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती आणि पुढे आनंदवन उभे राहिले. आमट्यांनी याला देवाची खूण म्हटले असते असे नाही. पण गव्हाणीच्या कथेत शिकवलेली नजर कुठे वळायला हवी, हे त्यांच्या परत फिरण्यात दिसते. टाळलेल्या जागी पुन्हा जाणे, एवढीच ती दिशा आहे.

२४ डिसेंबरच्या रात्री या साऱ्या तयारीचा शेवट होतो. घरांवर बांबूच्या कामट्या बांधून त्यावर रंगीत कागद चिकटवलेल्या चांदण्या लागलेल्या असतात. सिरो-मलबार चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत अंगणात अग्नी पेटवला जातो. बाळ येशूची मूर्ती घेऊन लोक त्याच्याभोवती जातात, त्यात ऊद टाकतात आणि मग मूर्ती गव्हाणीत ठेवतात. थंडीच्या दिवसांत गावच्या प्रत्येक चौकात शेकोटी असतेच. तिच्याभोवती बसायला कोणाची जात वा धर्म कोणी विचारत नाही, आणि चर्चच्या अंगणातल्या या अग्नीलाही तेच लागू आहे. नाताळच्या रात्री आलेल्या कोणालाही तिथून परत पाठवले जात नाही. दिवाळीचा फराळ जसा मोहल्ल्यात फिरला, तसे नाताळच्या करंज्या आणि केक फिरतात.

६ जानेवारीला दनहाचा सण येतो. ख्रिस्ताचे जगापुढे प्रकट होणे त्या दिवशी साजरे होते. केरळात केळीचा बुंधा दारात रोवून त्यावर दिवे लावण्याची रीत आहे. तिथून मुख्य वाचन बेथलेहेमाहून यार्देन नदीकडे जाते, जिथे तीस वर्षांचा येशू इतरांबरोबर रांगेत उभा राहून बाप्तिस्मा घेतो. मधल्या तीस वर्षांबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच नाही. नासरेथमध्ये तो सुतारकाम करत होता.